संशयाचा फायदा

समीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथेविषयी लिहावयाचे, याचा थोडा संकोच वाटतो. संकोचाचे कारण माध्यम हे नव्हे. रहस्यकथेला साहित्याच्या उंबऱ्याबाहेर उभे करण्याचे दिवस मागे पडले आहेत, आणि मालिकांच्या बाबतीतही तसेच होईल. कारण निराळे आहे. या मालिकेविषयी लिहू लागले की लेखाच्या मध्यावर एक माणूस येऊन बसतो. तो मालिकेतला नाही, माझ्या आजोळचा आहे. त्याला बाजूला ठेवून केवळ संहितेविषयी लिहिण्याचा प्रयत्न मी दोनदा केला; तो साधला नाही. तेव्हा त्याला बसू देऊनच हे लिहीत आहे.

मालिकेचे नाव 'रेक्टिफाय'. रे मॅकिनन या अमेरिकन नट-दिग्दर्शकाची ही निर्मिती. २०१३ ते २०१६ या काळात चार पर्वांत व एकूण तीस भागांत ती तेथील सन्डान्स वाहिनीवर दाखवली गेली. मी ती २०२१ च्या टाळेबंदीत पाहिली. जॉर्जिया राज्यातील पॉली या कल्पित गावातला डॅनिएल होल्डन अठराव्या वर्षी हॅना डीन या सोळा वर्षांच्या मुलीवरील बलात्कार आणि खून यांबद्दल दोषी ठरला. पोलिसांच्या प्रदीर्घ चौकशीनंतर त्याने कबुलीही दिली होती. देहदंडाच्या कोठडीत एकोणीस वर्षे काढल्यावर नव्या डीएनए चाचणीमुळे त्याची शिक्षा रद्द होते, आणि मालिका तेथून सुरू होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. डॅनिएलची शिक्षा रद्द झाली आहे, तो निर्दोष ठरलेला नाही. त्याच्यावर पुन्हा खटला भरता येईल, अशी टांगती तलवार ठेवून त्याला दाराबाहेर सोडलेले आहे.

या कल्पिताला वास्तवाचा भक्कम आधार आहे. अमेरिकेत डीएनए चाचणीच्या बळावर सिद्धदोष कैद्याची पहिली मुक्तता १९८९ मध्ये झाली. बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी १९९२ मध्ये 'इनोसन्स प्रोजेक्ट' ही संस्था स्थापन केली, आणि एके काळी देहदंड सुनावल्या गेलेल्या कर्क ब्लड्सवर्थ यांची १९९३ मध्ये याच चाचणीने सुटका झाली. पुढील काळात अशा सुटकांची वृत्ते वाचकांच्या सवयीची झाली. मात्र वृत्तपत्रातील वार्ता तुरुंगाच्या दाराशी, कॅमेऱ्यांच्या प्रकाशात संपते. मॅकिनन यांनी वार्ता जेथे संपते तेथून कथन आरंभले, आणि पहिल्या पर्वाचे सहा भाग सुटकेनंतरच्या जेमतेम आठवड्यावर खर्च केले.

त्याच १९९३ साली माझे थोरले मामा सुटून आले. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी बांधाच्या भांडणातून एका चुलतभावाचा खून झाला होता. आमच्याकडे भाऊबंदकी हा शब्द ज्या सहजतेने उच्चारला जातो, तिच्यामागे काय काय दडलेले असते हे त्या घराने पाहिले. खालच्या न्यायालयाने मामांना जन्मठेप दिली. सात वर्षांनी वरच्या न्यायालयाने त्यांना संशयाचा फायदा देऊन मुक्त केले. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. 'संशयाचा फायदा' हे शब्द मी प्रथम आमच्या स्वयंपाकघरात ऐकले. आई ते पुन्हा पुन्हा म्हणत होती, जणू एखादे अवघड नाव पाठ करीत होती. फायदा मामांना मिळाला हे मला कळले. संशय कोणाकडे राहिला, हे कळावयास पुष्कळ वर्षे लागली.

गावी जाणे शक्य नव्हते. गावात मयताची बायको होती, वाढती मुले होती. मामा तालुक्याला आमच्याकडे आले. आपल्याकडे तडीपारीला पोलिसांचा हुकूम लागतो. मामा हुकुमावाचूनच तडीपार झाले होते. पहिल्या दिवशी जेवताना त्यांनी ताट छातीशी ओढून घेतले आणि चार-पाच मिनिटांत जेवण संपवून भिंतीकडे तोंड करून बसले. आई वाढावयास आली तेव्हा ताट धुऊन पालथे घातलेले होते. खोलीच्या दाराशी ते थबकत. दार उघडेच असे, तरीही कोणी तरी 'चला' म्हणावे अशी वाट पाहत. रात्री दिवा मालवू देत नसत. वडील एकदा वीजबिलाविषयी काही बोलले, आणि आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

रशियन रूपवादाचा पाठ देताना व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांची १९१७ मधील अपरिचितीकरणाची संकल्पना मी दरवर्षी शिकवते. सवयीमुळे वस्तू दिसेनाशा होतात. कला त्यांना अनोळखी करून पुन्हा दृष्टीसमोर आणते, दगडाला त्याचे दगडपण परत देते, असे ते सांगणे. 'रेक्टिफाय'च्या आरंभीच्या भागांना ही संकल्पना नेमकी लागू पडते. डॅनिएल अनवाणी गवतावर उभा राहतो, तेव्हा गवत आपल्यालाही नव्याने दिसते. मोठ्या दुकानातील भरलेल्या फळ्यांसमोर तो हरवतो. माळ्यावरून आपल्या किशोरवयातल्या कॅसेटी काढून ऐकत बसतो, कारण बाहेरचा काळ पुढे गेला तरी त्याचा काळ तेथेच थांबलेला आहे. एडन यंग या नटाचे चालणे, बोलण्यापूर्वीचे थांबणे, वाक्याच्या मध्येच शब्द शोधणे हे सारे या अनोळखीपणातून घडलेले आहे.

तथापि येथेच मला या संकल्पनेची मर्यादा जाणवली. अपरिचितीकरण आस्वादकाच्या दृष्टीने सुखद असते, कारण त्याचे परिचित जग त्याच्या पाठीशी शाबूत असते. तो पुस्तक मिटून त्या जगात परतू शकतो. ज्याला परतावयास जागाच नाही, त्याच्या बाबतीत गवताचे गवतपण हा आघात असतो. पडद्यावरच्या गवताने मी हरखले. उंबऱ्याशी थबकणाऱ्या मामांकडे पाहून मात्र १९९३ मध्ये मला लाज वाटली होती, मैत्रिणी घरी आल्या की मी मधले दार लोटून घेत असे. दृश्य दोन्हीकडे एकच होते. एका ठिकाणी मी प्रेक्षक होते आणि दुसऱ्या ठिकाणी नातेवाईक, एवढाच काय तो भेद.

तुरुंगानंतरचे जीवन हा विषय आपल्या परंपरेला अगदी परका नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुल्या तुरुंगाचा प्रयोग झाला. त्यावर आधारलेली ग. दि. माडगूळकरांची कथा घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट केला. तेथे सहा कैदी आहेत आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर आहे. पण त्या चित्रपटात गुन्हा निश्चित आहे. त्यांनी खून केले, त्यांना पश्चात्ताप व्हावा, माणूस सुधारतो याचा प्रत्यय यावा, असा तो सरळ उदात्त प्रवास आहे. दुसऱ्या बाजूस बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. त्यांतील काळापहाड कायद्याच्या चौकटीबाहेर राहून आपला न्याय आपण करतो, आणि दोषी कोण याविषयी वाचकाच्या मनात शेवटी शंका उरत नाही. सुधारणेची कथा असो वा व्यक्तिगत न्यायाची, दोहोंना एक गोष्ट अत्यावश्यक असते: कोणी काय केले हे ठाऊक असणे. 'रेक्टिफाय' ही अट पाळत नाही.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मधील निबंधात गुन्हेकथेत दोन कथा असतात असे दाखवून दिले. पहिली गुन्ह्याची, जी घडून गेलेली व अनुपस्थित असते. दुसरी तपासाची, जी समोर घडत असते आणि पहिलीला उजेडात आणणे हेच जिचे काम असते. या मालिकेत दुसरी कथा आपले काम करावयास नकार देते. शेरीफ तपास करतो, जुने साक्षीदार कचरतात, एक जण आरंभीच आत्महत्या करतो. पण कथनाचा भर सतत दुसरीकडे सरकत राहतो. अमांथा या बहिणीने तारुण्याची वर्षे भावाच्या सुटकेसाठी वेचली आहेत. तो सुटल्यावर तिला स्वतःचे असे काही उरलेले नाही आणि ती गावातल्या दुकानात नोकरी धरते. आईला आनंद व्यक्त करण्याची सवय राहिलेली नाही. आणि खुद्द डॅनिएलला आपण त्या रात्री काय केले याची खात्री नाही. इतक्या वर्षांच्या एकांताने आणि त्या कबुलीने त्याची स्मृतीच साक्षीदार म्हणून फितूर झाली आहे. संशय येथे न्यायालयातून निघून माणसाच्या आत मुक्कामाला आला आहे.

आपल्या भाषेत 'न्याय' हा शब्द दोन घरी नांदतो. एक घर न्यायालयाचे, दुसरे दर्शनाचे. गौतमांच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ मोजले आहेत, त्यांत संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. संशय हा तेथे दोष मानलेला नाही. विचार ज्यामुळे चालू होतो तो हा पदार्थ आहे. मात्र तिसऱ्या स्थानापासून नवव्यापर्यंत जाण्यासाठी दृष्टान्त, अवयव, तर्क अशी वाट चालावी लागते. न्यायालय ती वाट चालते, आणि निर्णयापर्यंत पोहोचता आले नाही तर आरोपीला सोडून देते. ही त्या व्यवस्थेची सभ्यता आहे. घर, गाव आणि प्रेक्षक ही सभ्यता पाळत नाहीत. त्यांना निर्णय हवा असतो. वाटेवर थांबणे त्यांना सोसत नाही. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ मधील नाटकात बेणारेबाईंवर खेळ म्हणून चाललेला खटला खरा कधी होतो ते कळत नाही. हे नाटक मी अनेक वर्षे शिकवले. पण खटला चालवणाऱ्यांत मी माझी स्वतःची गणना कधी केली नव्हती.

ती वेळ मालिका पाहताना आली. तिसऱ्या पर्वापर्यंत पोहोचल्यावर माझ्या ध्यानी आले की प्रत्येक भाग मी एकाच हेतूने लावते आहे. याने खरेच केले का, हे मला समजून घ्यावयाचे होते. गवत, शांतता, बहिणीचे थकलेले डोळे हे सारे मी पाहत होते. पण पाहता पाहता पुरावा गोळा करीत होते. डॅनिएल आपल्या सावत्र भावाला, टेडीला, तुरुंगातील लैंगिक अत्याचाराविषयी सांगतो आणि नंतर त्याला गळ्यात हात अडकवून बेशुद्ध करतो, त्याची विटंबना करतो, तेव्हा माझ्या मनाने तत्काळ नोंद केली: हा असे करू शकतो, म्हणजे तेही केले असेल. जो अन्याय सोसून आला तो निरुपद्रवीच असला पाहिजे, असे मालिका म्हणत नाही. मी मात्र तसे गृहीत धरले होते, आणि ते गृहीत मोडताच मी निकाल लिहावयास बसले.

चौदाव्या वर्षीही मी हेच केले होते. मामांची एक ट्रंक आईने सांभाळून ठेवली होती. तीत अर्नाळकरांची सात-आठ पुस्तके होती. तरुणपणी ती त्यांना फार आवडत. त्यांना बरे वाटावे म्हणून मी ती बाहेर काढून दिली. त्यांनी एक पुस्तक चाळले आणि म्हणाले, "शेवटाला सगळं कळायचं, म्हणून बरं वाटायचं." मी तो धागा पकडला. कितीतरी दिवस मनात असलेला प्रश्न विचारून टाकला.

"मामा, तुम्ही खरंच मारलं होतं का हो त्यांना?"

ते रागावले नाहीत. "कोर्टानं सोडलं ना, बाळ," म्हणाले.

"ते झालं. पण खरं काय?"

पुस्तक मिटून त्यांनी ते काळजीपूर्वक ट्रंकेत ठेवले. पुढच्या आठवड्यात दूरच्या एका साखर कारखान्याच्या गावी रखवालदाराचे काम मिळाल्याचे सांगून ते निघून गेले. आईला वाटले, भावाला मार्ग लागला. दिवाळीला एखादे वर्षी येत, ओट्यावर बसून चहा घेत आणि संध्याकाळच्या एसटीने परत जात. २००४ मध्ये ते तिकडेच वारले. माझ्या प्रश्नामुळेच ते गेले, असा कार्यकारणभाव मी सिद्ध करू शकत नाही. येथेही मला संशयाचा फायदा घेता येतो. तो मी बरीच वर्षे घेतला.

'रेक्टिफाय'मध्ये या प्रश्नाला एक उत्तर मिळते, पण ते पुराव्याचे नाही. शेजारच्या कोठडीत केरविन नावाचा कैदी आहे. भिंतीतल्या झडपेतून दोघे वर्षानुवर्षे बोलतात. एकमेकांचे चेहरे त्यांना दिसत नाहीत. केरविनला देहदंडासाठी नेले जात असता तो डॅनिएलच्या कोठडीसमोर थांबतो आणि सांगतो की तू हे केलेले नाहीस हे मला ठाऊक आहे. कशावरून, तर मी तुला ओळखतो म्हणून. तर्कशास्त्राच्या कसोटीवर हे विधान टिकत नाही. ओळखीचा माणूसही खून करतो. तरीही संपूर्ण मालिकेत डॅनिएलला कोणी काही दिले असेल तर ते या माणसाने. त्याने प्रश्न विचारला नाही आणि निकालही दिला नाही. आपली ओळख तेवढी त्याच्या पदरात टाकली.

मालिका पाहून झाल्यावर मी आईला प्रथमच त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली. ती काही काळ गप्प राहिली. मग मी तिलाच विचारले, "तू त्यांना कधी विचारलंस का?"

"नाही."

"का?"

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तो माझा दादा आहे, हे."

हे उत्तर मी केरविनच्या उत्तराशेजारी ठेवले, आणि क्षणभर समाधान झाले. परंतु एवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. केरविनचे उत्तर डॅनिएलला पुरते, हॅनाच्या आईला पुरत नाही. तिची मुलगी गेली आहे, आणि एकोणीस वर्षे मनाशी धरलेला निकाल एका चाचणीने तिच्याकडून काढून घेतला आहे. हॅनाचा भाऊ बॉबी डॅनिएलला तिच्या थडग्यापाशी गाठतो आणि साथीदारांसह मरणप्राय मारतो. व्यक्तिगत न्यायाचे हे दर्शन अर्नाळकरी न्यायाहून फार वेगळे आहे. येथे टाळी वाजत नाही, कारण मारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. बॉबीचे कृत्य समर्थनीय नाही. तरी त्याचा प्रश्न हा प्रेक्षकाचा प्रश्न नव्हे. खरे काय, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. माझ्या आजोळच्या गावातही एक मुलगा होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. वरच्या न्यायालयाच्या निकालाने त्याला काय मिळाले? मामांना संशयाचा फायदा मिळाला. त्याच्या वाट्याला नुसता संशय आला. आईने प्रेमापोटी जे विचारले नाही, ते त्याने विचारले असते तर तिने त्याला काय सांगितले असते, हे मला सुचत नाही.

म्हणजे प्रश्न एकच असला तरी तो कोण विचारतो आणि कशासाठी, याने त्याचा अर्थ पालटतो. बॉबीला उत्तराची गरज आहे, कारण त्यावाचून त्याचे जगणे अडले आहे. मला उत्तर हवे होते, कारण त्यावाचून गोष्ट अपुरी वाटत होती. कथेच्या शेवटाची ही भूक आम्ही साहित्याच्या अभ्यासकांनी फार लाडाने जोपासली आहे. तिला आम्ही उत्कंठा म्हणतो, कथनाची गती म्हणतो. जिवंत माणसासमोर ती घेऊन गेलो तर तिची उलटतपासणी होते, हे या मालिकेने मला दाखवले. समाप्ती नाकारणे ही मॅकिनन यांची शैली म्हणता येईल. मला तो त्यांचा नैतिक निर्णय वाटतो.

दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस डॅनिएलसमोर सौदा ठेवला जातो: गुन्हा कबूल कर, तुरुंग टळेल, पण गाव सोड. तो कबूल करतो. सत्य काय, हे त्यालाही ठाऊक नसताना कागदावर एक शेवट लिहिला जातो, आणि व्यवस्थेचे समाधान होते. चौथ्या पर्वात तो नॅशव्हिल येथे सुटलेल्या कैद्यांसाठीच्या एका निवासात राहतो, गोदामात काम करतो, क्लोई नावाच्या गरोदर चित्रकर्तीशी त्याची मैत्री होते. अखेरच्या भागात जुन्या प्रकरणाचा तपास नव्याने होण्याची चिन्हे दिसतात. मालिका मात्र निकालापर्यंत थांबत नाही. डॅनिएल पडल्या पडल्या एका शेताची कल्पना करतो, तेथे क्लोई आहे, तिचे मूल आहे. भविष्याची कल्पना करणे हीच गोष्ट त्याने कोठडीत सोडून दिली होती. ती त्याला परत आली, एवढेच आपल्याला सांगितले जाते.

'रेक्टिफाय' या शब्दासाठी मराठीत मला सुचतो तो 'शुद्धिपत्र'. पुस्तकाच्या अखेरीस डकवलेल्या त्या चिटोऱ्यावर अशुद्ध आणि शुद्ध असे दोन रकाने असतात. त्यामुळे पानावरची चूक पुसली जात नाही. ती तेथेच राहते, आणि वाचणाऱ्याने दोन्ही लक्षात ठेवून पुढे वाचावयाचे असते. मामांच्या निकालाचेही मला असेच वाटते. जन्मठेप खोडली गेली, सात वर्षे पानावर राहिली.

२०२२ मध्ये आई गेली. तिच्या कपाटात मामांची ती ट्रंक निघाली. तळाशी अर्नाळकरांची पुस्तके होती आणि त्यांवर, कापडात गुंडाळलेली, वरच्या न्यायालयाच्या निकालपत्राची टंकलिखित नक्कल होती. साक्षी, विसंगती, तर्क, निर्णय, सारे त्या पानांत असणार. तोदोरोव्हच्या दोन्ही कथा तेथे आहेत, आणि मी ज्या विद्येचा पगार घेते ती विद्या अशी पाने उलगडण्याचीच आहे. ते कापड मी अद्याप सोडलेले नाही. ती पाने वाचूच नयेत, असे माझे मत नाही. मयताच्या मुलाने मागितली तर ती मी त्याच्या हाती देईन. मी स्वतः ती कोण म्हणून वाचावयाची, एवढे मात्र माझे अजून ठरत नाही.